कापसाला मीटर, खोक्याला नुसते चित्र



कापूस-ज्वारीवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पत्रिकेत रत्नागिरीच्या आंब्याच्या खोक्यावर लेख कशाला, असे बैठकीत कुणीतरी विचारणारच. शिवाय 'खोके' म्हटले की हल्ली लोक गालातल्या गालात हसतात. आम्ही त्या खोक्यांबद्दल बोलत नाही. आम्ही बोलतो आहोत ते पुठ्ठ्याच्या खोक्याबद्दल. त्यात आंबा, डाळिंब, सीताफळ, केळी असे शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट भरले जातात आणि ते कष्ट बाजारात पोचेपर्यंत टिकतात की चेंगरतात हे तिथे ठरते.

लेखाचा मुद्दा एकच आहे. शेतकरी जे विकतो त्याची मोजणी होते आणि शेतकरी जे विकत घेतो त्याची होत नाही. या फरकातून जी लूट होते ती हिशेबपट्टीवर कुठेच दिसत नाही. रत्नागिरीचे खोके हे तिचे सर्वांत उघडे उदाहरण आहे.

तुमच्या मालाची तपासणी कशी होते?

कापूस घेऊन तुम्ही सीसीआयच्या केंद्रावर जाता. गाडी उभी राहते न राहते तोच माणूस आर्द्रतेचे मीटर कापसात खुपसतो. आठ टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पुरा भाव, आठच्या वर गेली की टक्क्यामागे कपात, बाराच्या वर गेली की गाडी परत. धाग्याची लांबी पाहतात, तलमपणा पाहतात, कवडी किती, पालापाचोळा किती ते पाहतात. ज्वारीचे तेच. दाणा काळवंडला, पावसात सापडला, ओल जास्त निघाली की भाव खाली. यंत्र त्यांचे, माणूस त्यांचा, आकडाही त्यांचाच.

मोजायला आमचा विरोध नाही. चांगल्या कापसाला चांगला भाव आणि भिजक्या कापसाला कमी भाव हा न्याय आम्हाला मान्य आहे. पण मग न्याय दोन्ही बाजूंनी हवा. रत्नागिरीचा बागायतदार हंगामाच्या तोंडाला हजारोंच्या संख्येने खोकी विकत घेतो. तेव्हा तो काय विचारतो? 'तीन प्लाय की पाच प्लाय? छपाई किती रंगात?' विक्रेता सांगतो, 'पाच प्लाय, हेवी ड्युटी, एकदम टॉप.' झाला सौदा. कागदाचे वजन किती, त्याचा जोर किती, भरलेले खोके वरून किती भार सोसेल, कोकणच्या दमट हवेत त्यातले किती उरेल, यांतला एकही आकडा बिलावर नसतो आणि खोक्यावरही नसतो. खोक्यावर असते ते केशरी आंब्याचे झकास चित्र.

कापूस आठ टक्के की नऊ टक्के यावर ज्या देशात गाडी अडते, त्या देशात शेतकऱ्याला विकलेले खोके कोरडे की ओले हे पाहायला कुणी मीटर लावल्याचे तुम्ही ऐकले आहे काय?

रत्नागिरी ते वाशी

हापूस झाडावर पिकू देत नाहीत. चौदा आणे तयार झाला की देठासकट झेल्याने उतरवतात, कारण देठ तुटला तर चीक फळावर ओघळतो आणि साल करपते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यासाठी 'नूतन झेला' काढला. तो उपयोगी आहे आणि बागायतदारांनी स्वीकारलाही. मग प्रतवारी होते, भरणी होते. पूर्वी सगळा माल लाकडी पेटीत भाताचा पेंढा घालून जाई. पेटी फळीची असल्याने भार सोसायची, पण खिळा आणि फळीची धार आंब्याला लागायची, वजन जास्त आणि लाकडासाठी झाडे तोडावी लागत. म्हणून पुठ्ठ्याचे खोके आले. हा बदल चांगलाच आहे. खोके हलके, स्वच्छ आणि मऊ असते. पण फळी दिसते तशी असते. पुठ्ठ्याचे तसे नाही. त्याचा जोर डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावा लागतो.

संध्याकाळी ट्रक भरतो. एकावर एक सात-आठ थर. हमाल उतरंड रचतो, तीही घाईने, कोपऱ्यावर कोपरा आला की नाही हे न पाहता. रात्रभर घाट, खड्डे, ब्रेक. समुद्रकाठची एप्रिल-मेची दमट हवा, त्यात आंबा स्वतःच उष्णता आणि बाष्प सोडत असतो. पुठ्ठा ही ओल पितो आणि मऊ पडतो. तळाच्या थरातले खोके पोट बाहेर काढते, मग गुडघे टेकते. वरचा भार आता खोके सोसत नाही, आत भरलेला आंबा सोसतो.

आणि खरी गोम पुढेच आहे. कच्चा हापूस दगडासारखा असतो. त्याला लागलेला मार वाशीला उतरताना दिसत नाही. तो चार-सहा दिवसांनी, आढीत पिकताना, काळ्या डागाच्या रूपाने वर येतो. तोपर्यंत माल आडत्याकडून खरेदीदाराकडे आणि त्याच्याकडून किरकोळ विक्रेत्याकडे गेलेला असतो. तक्रार मात्र उलट्या वाटेने अचूक परत येते: 'तुमच्या मालात डाग निघाले.' पुढच्या गाडीचा भाव खाली येतो. ज्या बाजाराने वर्षानुवर्षे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवले, त्या बाजारात शेतकऱ्याने कारण विचारायचे तरी कुणाला?

ट्रकवाला म्हणतो, भाडे नगावर ठरले, माल पोचवला. आडत्या म्हणतो, आला तसा विकला. खोकेवाला म्हणतो, खोके चांगलेच होते, रचताना चुकले असेल. सगळ्यांचे हात स्वच्छ, डाग फक्त आंब्यावर आणि बागायतदाराच्या पट्टीवर. २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले. ती कपात डोळ्यांना दिसत होती म्हणून तिच्याविरुद्ध बोलता आले. खोक्यातून होणारी कपात दिसत नाही. तिला नाव नाही, पट्टीवर तिचा रकाना नाही, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही.

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या मुलखातला आंबा रत्नागिरी-देवगडच्या नावाच्या खोक्यात भरून विकतात, ही कोकणाची तक्रार खरीच होती. नावाला संरक्षण मिळाले याचा आनंद आहे. पण नावाने ट्रकमध्ये भार सोसता येत नाही.

'पाच प्लाय' हे माप नाही

आता जरा अवघड वाटेल, पण कापसाची लांबी आणि तलमपणा समजणाऱ्या शेतकऱ्याला खोक्याचे आकडे समजणार नाहीत असे आम्ही मानत नाही.

पुठ्ठा म्हणजे सपाट कागद आणि लाटदार कागद यांचे आलटून पालटून चिकटवलेले पदर. दोन सपाट आणि मध्ये एक लाटदार म्हणजे तीन प्लाय. तीन सपाट आणि दोन लाटदार म्हणजे पाच प्लाय. म्हणजे प्लाय ही पदरांची संख्या झाली. लुगडे नऊवारी आहे एवढे सांगून सूत कोणत्या नंबरचे ते कळते काय? तसेच हे आहे.

कागदाचे दोन आकडे असतात. पहिला जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम. दुसरा बीएफ, म्हणजे वजनाच्या मानाने कागद फुटायला किती जोर लागतो. जीएसएमला बीएफने गुणून हजाराने भागले की त्या कागदाचा फुटण्याचा जोर दर चौरस सेंटिमीटरला किती किलो ते निघते. खोक्याच्या धंद्यातला रिवाज असा की सपाट कागदांचा जोर पुरा धरायचा आणि लाटदार कागदांचा निम्मा.

आता दोन खोकी घ्या, दोन्ही पाच प्लाय.

पहिले: सपाट कागद १५० जीएसएम, १८ बीएफ. एकाचा जोर २.७, तिघांचा ८.१. लाटदार कागद १२० जीएसएम, १६ बीएफ. एकाचा १.९२, दोघांचा निम्म्याने १.९२. एकूण १० किलो.

दुसरे: सगळा कागद १०० जीएसएम, १४ बीएफ. तीन सपाट मिळून ४.२, दोन लाटदार निम्म्याने १.४. एकूण ५.६ किलो.

दोन्हींवर 'पाच प्लाय' छापता येते, दोन्हींवर तेच चित्र छापता येते, आणि खोटे कुणीच बोललेले नसते. पण एकाचा जोर दुसऱ्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. निम्म्या जोराचे खोके पुऱ्या जोराच्या नावाने विकणे याला बाजारात 'धंदा' म्हणतात. तुम्ही कापसावर पाणी मारले तर त्याला 'लबाडी' म्हणतात.

बीएफ कशावर अवलंबून? तंतूच्या लांबीवर. इथे कापूसवाल्याला शिकवण्याची गरज नाही. आपल्याकडचा बहुतेक क्राफ्ट कागद रद्दीपासून बनतो. रद्दी जितक्या वेळा फिरून लगद्यात जाते तितका तंतू तुटत जातो, आखूड होतो. आखूड धाग्याच्या कापसाला कमी भाव मिळतो हे तुम्ही रोज भोगता. आखूड तंतूच्या कागदाचे खोके मात्र पुऱ्या भावाने आपल्या गळ्यात पडते.

तिसरा आकडा खोक्याचा सर्वांत महत्त्वाचा. तो म्हणजे भरल्या उतरंडीत खोके वरून किती किलो दाब सोसेल. फुटण्याचा जोर आणि हा दाब एकच नाही. फुटण्याचा जोर धक्का, टोक, घासणे यांच्यापासून राखतो. थरांचा भार मात्र उभ्या भिंती आणि त्यांतही मुख्यतः चार कोपरे पेलतात. म्हणून लाटा भिंतीत उभ्याच असल्या पाहिजेत. आडव्या लाटांचे खोके म्हणजे आडवा ठेवलेला खांब. म्हणूनच हवेची भोके कोपऱ्यापासून दूर असली पाहिजेत आणि एकूण भोके बाजूच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ठेवावीत असा साधारण नेम आहे.

हिशेब मांडून पाहू

अडीचशे ग्रॅमचा हापूस, खोक्यात चार डझन. १२ किलो आंबा, खोके आणि भरण एक किलो. १३ किलो झाले. आठ थरांची उतरंड असेल तर तळाच्या खोक्यावर सात खोकी, म्हणजे ९१ किलो. बागायतदार म्हणेल, मग शंभर किलो सोसणारे खोके पुरे. इथेच तो फसतो.

खोक्याचा आकडा काढतात तो कोरड्या, नियंत्रित हवेच्या प्रयोगशाळेत. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की पुठ्ठ्याचा जोर सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, ९० टक्क्यांवर निम्मा जातो. कोपऱ्यावर कोपरा न ठेवता विटांसारखी सांधेमोड करून खोकी रचली तर उरलेल्यातला निम्म्याच्या आसपास जोर जातो. वर खड्ड्यांचे हादरे आहेत, भोके आहेत, भरणीपूर्वी खोके उघड्या पडवीत ठेवून दव प्यालेले असते ते वेगळेच.

म्हणून खोक्याचा जाणकार प्रत्यक्ष भाराच्या तीन ते पाच पट आकडा मागतो. चार पट धरा. ९१ गुणिले ४, म्हणजे ३६४ किलो. ३६४ किलोचे खोके कोकणच्या हवेत २४७ चे होते आणि वेडेवाकडे रचले की १२४ चे. भार ९१ चा. म्हणजे चार पट हा काही चैनीचा आकडा नाही, ती कशीबशी पार पडण्याची बेगमी आहे. शंभर किलोचे खोके तर पहिल्या घाटातच मान टाकणार.

'भारी खोके महाग पडते' असा आक्षेप येईल. बरोबर आहे, महाग पडते. समजा खोक्यामागे पंधरा-वीस रुपये जास्त पडले. पण तळाच्या थरातल्या चार डझनांपैकी एक डझन डागी ठरला तर त्या एका डझनात किती रुपये जातात, हे बागायतदाराने आपल्याच जुन्या पट्ट्या काढून पाहावे. आणि पुढच्या गाडीचा पडलेला भाव त्यात मिळवावा. स्वस्त खोके म्हणजे खोकेवाल्याकडे वाचवलेले पैसे आडत्याच्या गाळ्यावर दुपटीने भरणे.

उलट आक्षेपही खरा आहे. सगळ्यांनीच सर्वांत भारी खोके घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. दोन डझनांचे खोके तीन थरांत जवळच्या बाजारात जाणार असेल तर साधे खोके पुरते. गरजेपेक्षा जास्त जोर विकत घेणे हाही पैशाचा नाशच. म्हणून तर आकडा हवा. आकडा नसला की एक जण कमी घेऊन फसतो आणि दुसरा घाबरून जास्त घेऊन फसतो.

आकडा मागतो कोण?

अमेरिकेतल्या खोक्याच्या तळाच्या पाखावर एक गोल शिक्का असतो. त्यात खोके बनवणाऱ्याचे नाव, पुठ्ठ्याचा जोर आणि भरण्याच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. तिथले उत्पादक फार सज्जन म्हणून हा शिक्का आला काय? मुळीच नाही. तो रेल्वेमुळे आला. मालाचे नुकसान झाले की भरपाई रेल्वे कंपनीच्या माथी बसायची. लाकडी पेट्यांचा जमाना होता आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या मालाला रेल्वे जादा भाडे लावत होती. लॉस एंजेलिसच्या प्रिधम नावाच्या खोके उत्पादकाने दाद मागितली आणि १९१४ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. पुठ्ठ्याला भेदभावाने वागवता येईना, तेव्हा रेल्वेने पुठ्ठ्याचा जोर आकड्यात बांधला. त्यातून 'नियम ४१' आणि तो गोल शिक्का रुळला. पुढे १९९१ साली फुटण्याच्या जोराऐवजी कडेचा दाब सोसण्याचा आकडाही छापायला मुभा मिळाली.

यातला धडा नीट ध्यानात घ्या. ज्याच्या खिशातून भरपाई जाते तो आकडा मागतो. आपल्याकडे भरपाई ट्रकवाल्याच्या खिशातून जात नाही, आडत्याच्या जात नाही, खोकेवाल्याच्या तर नाहीच. ती जाते शेतकऱ्याच्या खिशातून. म्हणजे आकडा मागण्याचा हक्क आणि गरज दोन्ही शेतकऱ्याची. आणि नेमका तोच मागत नाही.

आपल्याकडे आकडे नाहीत असेही नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस २७७१. खोक्यांची चाचणी करणारी भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ पासून मुंबईत आहे. अपेडाने निर्यातीच्या फळांच्या खोक्यांसाठी मानके ठरवली आहेत. २००७ साली अठरा वर्षांनी अमेरिकेचे दार भारतीय आंब्याला उघडले, तेव्हा विकिरण केलेल्या आंब्याच्या खोक्याच्या भोकांना कीड शिरू नये म्हणून जाळी हवी, इथपर्यंत तपशील ठरला. परदेशी गिऱ्हाइकासाठी खोक्याच्या भोकाचाही विचार होतो. रत्नागिरीहून वाशीला जाणाऱ्या खोक्याच्या वाट्याला चित्र येते. मानक पुस्तकात आहे, बागेच्या बांधावर नाही.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. नत्र-स्फुरद-पालाशाच्या मात्रा पाठ केल्या, किडींची लॅटिन नावे घोकली. पिकवलेला माल कशात भरून न्यायचा आणि त्याचा जोर कसा पाहायचा यावर एक तासही शिकवला गेला नाही. शेतकऱ्याने जास्त पिकवावे याची चिंता सगळ्यांना. पिकवलेले त्याच्या पदरात पडावे ही चिंता कोणत्याच अभ्यासक्रमात नाही.

शेतकऱ्यांनी मनावर घेतले तर काय होते ते हिमाचलच्या सफरचंदवाल्यांनी दाखवले. त्यांच्याकडे सरकत्या टोपणाचे खोके होते. टोपण वर वर उचलत जायचे आणि आत थर वाढवत जायचे. भाव पेटीवर, मग पेटीत जितके जास्त कोंबाल तितका व्यापाऱ्याचा फायदा. वीस-बावीस किलोच्या पेटीच्या भावात कितीतरी जास्त सफरचंद जायचे. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे ठरावीक मापाच्या खोक्याची मागणी लावून धरली आणि २०२४ च्या हंगामापासून तिथे एकाच मापाचे, न सरकणारे खोके सक्तीचे झाले. २०२१ च्या ऑक्टोबरात खोक्यावरचा जीएसटी १८ टक्के झाला, तेव्हा २०२२ च्या ऑगस्टात याच बागायतदारांनी सिमल्यात मोर्चा काढला. २०२४ च्या जुलैत तो १२ टक्के झाला आणि २०२५ च्या सप्टेंबरात ५ टक्के. ताज्या फळावर कर नाही, त्यामुळे खोक्यावर भरलेला कर शेतकऱ्याला वळता करून घेता येत नाही. तो त्याच्याच अंगावर पडतो. आता कर १८ चा ५ झाला, तर तुमच्या खोक्याचा भाव किती उतरला हे विक्रेत्याला विचारा. जुने आणि नवे बिल शेजारी ठेवून विचारा.

कोरडवाहूचा यात काय संबंध?

पहिला संबंध सरळ आहे. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. तेव्हापासून कापूस-ज्वारीच्या मुलखात केशर आंबा, सीताफळ, डाळिंब, मोसंबी, बोर उभी राहिली. तुमच्यापैकी अनेकांच्या बांधावर, माळावर ती आहेत. खड्डा किती फुटांचा, कलम कोणते, पाणी किती, याचे अनुदान आणि मार्गदर्शन मिळाले. खोक्याचे मार्गदर्शन कुणी दिले? रत्नागिरीचा बागायतदार निदान चार पिढ्या बाजार खेळलेला. तो फसतो, तर पहिल्यांदा सीताफळ भरणाऱ्याचे काय होत असेल? सीताफळ तर पिकले की हात लावू देत नाही.

दुसरा संबंध बारदानाचा. १९८७ च्या कायद्याने धान्य तागाच्या पोत्यात भरण्याची सक्ती आली. २०१७ साली तुरीचे ढीग बाजार समितीच्या आवारात पडून राहिले आणि केंद्रावरून उत्तर आले, बारदान नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनवाल्यांनी तेच उत्तर ऐकले. माल आहे, हमीभाव आहे, काटा आहे. पोते नाही म्हणून खरेदी बंद. पोत्यावाचून अडणारा तुरीवाला आणि खोक्यापायी बुडणारा आंबेवाला एकाच घरचे. कशात भरायचे हे दुसरा ठरवतो आणि त्याचा भुर्दंड आपण भरतो.

कापसातही तेच. खताच्या प्लास्टिक गोणीत कापूस भरला की गोणीचे तुटके धागे रुईत जातात. ते सुतात येतात, त्यावर रंग चढत नाही, आणि भारतीय कापसात भेसळ म्हणून भाव कापला जातो. कापसाला साजेशी कापडी गोणी शेतकऱ्याला परवडेल अशा भावात मिळावी, याची कळकळ भाव कापणाऱ्याला नाही.

आणि तिसरा संबंध पऱ्हाटीचा. वेचणी संपली की आपण पऱ्हाट्या उपटतो, थोड्या चुलीला ठेवतो आणि उरलेल्या बांधावर पेटवून देतो. मुंबईच्या सर्कॉटने, म्हणजे १९२४ पासून कापसावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, या पऱ्हाटीपासून लगदा, क्राफ्ट कागद आणि पुठ्ठ्याची खोकी होतात हे करून दाखवले आहे. म्हणजे कापूसवाल्याच्या रानातला कचरा आंबेवाल्याचे खोके होऊ शकतो. तो होत नाही, कारण पऱ्हाटी गोळा करून कारखान्यापर्यंत नेण्याचा खर्च निघेल असा भाव कुणी देत नाही. पऱ्हाटी पेटवू नका असा उपदेश फुकट मिळतो. भाव मिळत नाही.

मग करायचे काय?

अनुदानाची खोकी मागायची नाहीत. अनुदान आले की खोके कुणाचे घ्यायचे हे साहेब ठरवणार आणि जोर विचारायची सोयही उरणार नाही. मागायचा तो आकडा. जिल्हा बैठकांपुढे आमचा प्रस्ताव असा:

१. कुणीही एकट्याने खोकी घेऊ नयेत. गावातल्या फळवाल्यांनी मिळून एकच मागणी नोंदवावी. त्यावर कागदाचा जीएसएम, बीएफ, फुटण्याचा जोर आणि दाब सोसण्याचा आकडा लिहावा. हेच आकडे बिलावर आलेच पाहिजेत. आकड्याविना बिल, तर पैशाविना खोके.

२. प्रत्येक खोक्याच्या तळाशी बनवणाऱ्याचे नाव, जोर आणि जास्तीत जास्त किती थर याचा शिक्का हवा. चित्र मागाहून.

३. आलेल्या मालातले एक खोके फाडा. लाटा उभ्या आहेत का पाहा. एक फूट चौरस तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा. वर सांगितलेल्या पहिल्या खोक्याचा तुकडा साधारण ७० ते ७५ ग्रॅम भरेल, दुसऱ्याचा ५५ च्या आसपास. वजन म्हणजे पुरा जोर नव्हे, पण वजनातच चोरी असेल तर पुढचे विचारायला नको. दुसरा तुकडा पाण्यात बुडवा. अर्ध्या तासात पदर आपोआप सुटू लागले तर चिकटवणी दमट हवेची नाही.

४. दोन रिकामी खोकी बंद करून शेजारी शेजारी ठेवा, वर फळी टाका आणि फळीवर युरियाच्या आठ गोण्या रचा. पूर्वीची पन्नास किलोची गोणी २०१८ पासून पंचेचाळीसची झाली आहे हे विसरू नका. एका खोक्यावर १८० किलो, म्हणजे आपल्या ९१ किलोच्या दुप्पट. रात्रभर पडवीत ठेवा. सकाळी खोकी उभी असली तर घ्या, बसली असली तर विक्रेत्याला बोलावून दाखवा.

५. खोकी कोरड्या खोलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. रचताना कोपऱ्यावर कोपरा. हमालाला दोन रुपये जास्त द्या, पण उभे राहून रचून घ्या. ओझे खोक्याने उचलायचे, फळाने नव्हे.

६. बाजार समित्या शेतकऱ्याच्या नावावर उभ्या आहेत. त्यांनी प्रत्येक फळबाजारात खोके तपासण्याचे एक यंत्र ठेवावे आणि हंगामापूर्वी कोणत्या बनावटीचे खोके किती किलोला बसले याची यादी फलकावर लावावी. कापसाच्या मीटरला पैसे मिळतात, तर याला का मिळू नयेत?

शेतकरी अडाणी आहे म्हणून तो लुटला जातो, असे शहाणे लोक सांगतात. आमचे म्हणणे असे की तो मोजमाप मागत नाही म्हणून लुटला जातो; आणि मोजमाप मागायची त्याला सवय नाही, कारण आजवर तराजू कायम समोरच्याच्या हातात राहिला. या हंगामात निदान एक तराजू आपण हातात घेऊ. तो खोक्यापासून घेऊ, कारण तिथे विकत घेणारे आपण आहोत आणि विकत घेणाऱ्याला 'आकडा दाखव' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. एकदा ही सवय लागली की बियाण्याच्या पिशवीवर, खताच्या गोणीवर, औषधाच्या बाटलीवर आणि हमीभावाच्या हिशेबावरही तोच प्रश्न विचारता येईल.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या भागात विकले जाणारे एक रिकामे खोके किंवा एक गोणी बरोबर आणावी. तिथेच फाडू, तिथेच तोलू.